सगळ्यांना सारखंच हसलं म्हणजे न्याय होतो का?

मंडळी, जॉन आणि रॉय बोल्टिंग हे जुळे भाऊ, जन्म १९१३ चा. एकानं दिग्दर्शन केलं की दुसरा निर्माता, पुढच्या चित्रपटाला अदलाबदल. ‘महायुद्धानंतर ते आधी गंभीर होते, मग विनोदाकडे वळले,’ असं आपण सहज म्हणून जातो. पण खरा बदल वेगळ्याच ठिकाणी झाला, असं मला वाटतं.

१९४७ चा ‘फेम इज द स्पर’ बघा. मजुरांचा पुढारी हॅमर रॅडशॉ पीटरलूच्या कत्तलीतली एक तलवार जवळ बाळगून असतो. सत्तेच्या पायऱ्या चढत चढत तो म्हातारा होतो. शेवटी ती तलवार उपसायला जातो, तर ती गंजून म्यानातच अडकलेली! लेबर पक्ष १९४५ साली सत्तेवर आला होता, त्याच काळात हा चित्रपट आला. इथे राग आहे. पण राग येतो याचाच अर्थ असा की, ते ध्येय एके काळी खरं होतं. ‘सेव्हन डेज टू नून’मध्ये (१९५०) अणुशास्त्रज्ञ विलिंग्डन बॉम्ब घेऊन पळतो आणि सरकारला आठवड्याची मुदत देतो: अशी अस्त्रं बनवणं थांबवा, नाहीतर लंडन उडवतो. शेवटी तो मारला जातो. त्याचा प्रश्न मात्र मरत नाही.

आता या १९५९ च्या ‘आय’म ऑल राइट जॅक’कडे. क्षेपणास्त्रांचा कारखाना. भोळा स्टॅन्ली फोर्कलिफ्ट भराभर चालवतो, वेळ मोजणारा माणूस लपून ते टिपून घेतो आणि संप पेटतो. कथानक नीट पाहिलं तर मूळ लबाडी मालकांची आहे. एका कंपनीत संप घडवायचा, म्हणजे परदेशी शस्त्रांचं कंत्राट चढ्या भावानं दुसरीकडे वळवता येतं. दोषारोप अगदी स्पष्ट आहे! पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपल्या लक्षात कोण राहतं? फ्रेड काइट. पीटर सेलर्सनं रंगवलेला, जड शब्दांत अडखळणारा, रशियाची स्वप्नं बघणारा कामगार पुढारी. म्हणजे दोष मालकाचा आणि हशा कामगाराच्या माथी. मालकाची लबाडी कागदोपत्री असते, तिला चेहरा नसतो. काइटचं बोलणं, चालणं, मिशी सगळं डोळ्यांसमोर. विनोदाला जे दिसतं तेच सापडतं.

तरी मी या चित्रपटाला निव्वळ कामगारद्वेष्टा म्हणणार नाही. बायको घर सोडून जाते आणि काइट एकटा उरतो, तेव्हा सेलर्स त्याला माणूस म्हणून उभा करतो. शेवटी टीव्हीवरच्या चर्चेत स्टॅन्ली लाचेच्या नोटा उधळतो आणि लोक त्यांवर तुटून पडतात. मला खटकतं ते इथे. ‘सगळेच तसले’ असं म्हणताना कट रचणारा आणि नोट वेचणारा एकाच मापात मोजला जातो. समान थट्टा म्हणजे समदृष्टी नव्हे. न्यायाला कमी-जास्त तोलावंच लागतं.

रॅडशॉची तलवार गंजली होती, पण होती तरी! बारा वर्षांनी तलवारच उरली नाही, राहिला तो हशा. चित्रपट जरूर बघा, पोट धरून हसा. मग जरा थांबून स्वतःला विचारा, मी हसलो नेमका कोणाला?