घेवड्याच्या डब्यासाठी

शिकारकथेतला वाघ सहसा नरभक्षक असतो. नसला तर त्याला मारायला लेखकापाशी सबब उरत नाही. कॉर्बेटसाहेबांची कुमाऊँमधली पुस्तकं वाचताना आपण निर्धास्तपणे वाघाविरुद्ध असतो, ते त्यामुळेच. ‘डे-झी’ या व्हिडिओ-गेममध्ये मात्र ही सोय नाही. इथे शिकारी माणूस, सावजही माणूस, आणि भांडण घेवड्याच्या एका डब्यावरून!

डीन हॉल या न्यूझीलंडच्या लष्करातल्या गृहस्थाने 2012 साली ‘आर्मा 2’ या युद्धाच्या खेळाला जोड देऊन हे प्रकरण जन्माला घातलं. त्याचा स्वतंत्र खेळ पुरता तयार व्हायला 2018 चा डिसेंबर उजाडला. (आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा लवकरच म्हणायचं.) स्थळ चेर्नारस नावाचा काल्पनिक देश. तुम्ही समुद्रकाठी उगवता ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. भूक लागते, थंडी वाजते, डबक्यातलं पाणी प्यायलात तर पोट बिघडतं. मेलात की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा समुद्रकाठ. गावोगाव झॉम्बी हिंडतात, पण मुरलेले खेळाडू त्यांना मोकाट कुत्र्यांइतकीच किंमत देतात.

माझा भाचा हा खेळ खेळतो, मी मागे खुर्ची टाकून बघतो. झॉम्बी मारताना तो पेरू खात असतो. लांबवर माणूस दिसला की पेरू खाली ठेवतो. या खेळावर याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

मग पाऊण पाऊण तास झुडपात पालथं पडायचं. घराचं दार उघडं आहे, म्हणजे कुणीतरी येऊन गेलंय. डोंगरापलीकडे बार झाला, म्हणजे तिकडे कुणापाशी तरी बंदूक आहे. सावज बाहेर येतं, इकडेतिकडे बघतं, बिचारं उभ्याउभ्या काहीतरी खातं. आणि जवळ गेलं की बोलतं! खऱ्याखुऱ्या माणसाच्या आवाजात, किंचित कापत विचारतं, “फ्रेंडली?” वाघ असं काही विचारत नाही, म्हणून तर शिकारकथा सुखाने लिहिता आल्या.

बॅंकेत बावीस वर्षं खतावण्या केल्यामुळे मला यातलं गणित चटकन कळतं. समोरच्याच्या चार संध्याकाळच्या कमाईची नावे नोंद झाली, तरच इकडे थरार जमा होतो. झॉम्बीचं काही बुडत नाही, म्हणून तिथे पेरू चालू राहतो.

‘पब्जी’त ही मजा नाही. ब्रेंडन ग्रीनने 2017 मध्ये तो आणला. आपल्या सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातल्यामुळे तो घरोघरी माहीत झाला. तिथे शंभरजण उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. मारणं हे तिथलं कामच आहे, त्यात मनाला विचारायचं काय? ‘रस्ट’मध्ये दगड घेऊन उघडे सुरुवात करता, घर बांधता, आणि खेळ बंद करून जेवायला गेलात की तुमचं पात्र तिथेच झोपून राहतं. मग दुसरे भिंत फोडून आत शिरतात. याला शिकार म्हणत नाहीत, घरफोडी म्हणतात.

‘डे-झी’त मारायची सक्ती नाही, हेच त्याचं मोठेपण. पण हिशेब तिरका ठेवलाय. आधी गोळी घालणाऱ्याचा फायदाच फायदा, आधी बोलणाऱ्याचं सगळं पणाला. जुन्या अवतारात माणुसकीचं खातं असायचं. निरपराध्यांना मारत सुटलात की ते उणे होई आणि अंगावर दरोडेखोराचा वेष चढे. नव्यात ते खातंच बंद. आता चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्यामुळे भीती वाढली हे कबूल, पण सभ्यपणा कायमचा तोट्यात चालणारी शाखा झाला.

तरी ती शाखा चालवणारे भेटतात. परवा असाच एकजण भाच्याला म्हणजे भाच्याच्या पात्राला घेवड्याचा डबा देऊन, पाठ फिरवून निघाला. भाच्याने नेम धरला. तो माळ ओलांडून झाडीत दिसेनासा होईपर्यंत धरून ठेवला, गोळी काही सुटली नाही. मला अगदी भरून आलं. म्हटलं, “सोडलंस रे त्याला?”

“थांब मामा,” तो कुजबुजला, “त्याच्या मागोमाग आणखी कुणी येतंय का बघतोय.”