पेटीची साथ आणि कलावंताची स्वतंत्रता : आप्पा जळगावकर यांच्या वादनाचा विचार

वादकाची कारकीर्द म्हणजे त्याच्या स्वतंत्र मैफलींचा इतिहास, ही कल्पना दृढ होण्यास पियानो हे वाद्य बरेचसे कारणीभूत झाले. फ्रान्झ लिस्ट याने १८४० मध्ये लंडनला एकट्याच्या वादनाचे कार्यक्रम केले. तेव्हापासून पियानोवादक हा रंगमंचाचा एकमेव स्वामी, अशी त्याची प्रतिमा बनत गेली. हाच निकष महाराष्ट्रातील पेटीवादकास लावला, तर आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांच्यासारख्या थोर वादकाचे मूल्यमापन कसे करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. कारण त्यांची कीर्ती प्रामुख्याने साथीवर उभी आहे.

जळगावकर हे मराठवाड्यातील जालन्याकडचे. त्यांच्या जन्मकाळी जालना काय किंवा वसमत काय, दोन्ही हैदराबाद संस्थानात होती. या प्रदेशात पट्ट्यांचे वाद्य म्हणजे पेटी. कीर्तनात आणि भजनात तिचे स्थान आवाजाच्या मागे. सूर धरून ठेवावा, गाणाऱ्याला विसावा द्यावा, हे तिचे काम. म्हणून वसमतसारख्या गावातील श्रोत्याला पेटीवाला परका नसतो. परंतु तो ‘कलावंत’ म्हणून क्वचितच ओळखला जातो. जळगावकरांच्या कारकिर्दीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

वाद्याच्या मर्यादा प्रथम ध्यानात घेतल्या पाहिजेत. पियानोत हातोडीच्या आघाताने तार वाजते आणि नाद क्षीण होत जातो. पेटीत भात्याच्या वाऱ्याने सूर टिकतो. तथापि दोहोंतही सप्तकाचे बारा स्वर ठरलेले असतात. दोन स्वरांमधील मींड पट्टीवर निघत नाही, आंदोलित गांधार वा कोमल ऋषभाची रागपरत्वे बदलणारी जागा तिच्यावर मिळत नाही. पाश्चात्त्य संगीताची रचनाच स्थिर स्वरांशी जुळलेली असल्यामुळे पियानोला ही उणीव जाणवत नाही. ख्यालगायनात मात्र ती पदोपदी जाणवते. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीस बंदी केली. ती १९७० नंतर शिथिल होऊ लागली. स्वतंत्र पेटीवादनास तर त्यानंतरही दीर्घकाळ वाव नव्हता. जळगावकरांच्या उमेदीचा मोठा काळ या बंदीच्या छायेत गेला.

त्यांनी आरंभी गायनाचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या साथीचे मर्म येथेच शोधावे लागते. गायक मींडेने एका स्वरावरून दुसऱ्यावर जात असता मधल्या सर्व पट्ट्या दाबणारा वादक त्या वक्ररेषेची पायरी करून टाकतो. जाणता साथीदार मधले स्वर सोडतो आणि जेथे आवाज स्थिरावतो तेथेच सूर देतो. काय वाजवावे याहून काय वाजवू नये, हा विवेक श्रेष्ठ ठरतो. भीमसेन जोशी यांच्या आवेगी तानेमागे जाणे, वसंतराव देशपांडे यांच्या अनपेक्षित वळणांचा अंदाज घेणे आणि किशोरी आमोणकर यांच्या सूक्ष्म स्वरलगावाच्या वेळी हात आवरणे, ही तीन भिन्न कामे होत. एकाच वादकाला या तिघांची साथ करावी लागली, यातच त्याच्या बुद्धीची परीक्षा होती.

यावर असा आक्षेप येईल की, ही कुशल सेवा झाली. हिला निर्मिती म्हणता येणार नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीवर स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळविली होती. त्या मापाने साथ दुय्यमच ठरते, असेही म्हणता येईल. आक्षेप निराधार नाही. साथीदार रागाची मांडणी स्वतः ठरवीत नाही आणि तिच्या यशापयशाची अंतिम जबाबदारीही त्याच्यावर नसते. परंतु निर्मिती म्हणजे केवळ आरंभ करणे नव्हे. गायकाच्या दोन आलापांमधील रिक्त जागेत साथीदार एखादे लहान स्वरवाक्य ठेवतो, तेव्हा त्याला मागचे वाक्य पूर्ण कळलेले असावे लागते आणि पुढचे वाक्य अडवावयाचे नसते. ही निवड क्षणात होते, ती पूर्वनियोजित नसते. तिला निर्मिती न म्हणणे म्हणजे संगीताला एकाच आवाजाची मिरास मानणे होय.

जळगावकरांना २००० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. समीक्षेने मात्र ती पावती अजून आपलीशी केलेली नाही. गायकांवरील लेखनात साथीला एखादे वाक्य मिळते, तेही विशेषणापुरते. उपलब्ध ध्वनिमुद्रणे केवळ पेटीकडे लक्ष ठेवून ऐकावीत, सोडलेल्या स्वरांची नोंद करावी, गायकपरत्वे बदलणाऱ्या पद्धतीची तुलना करावी. असा अभ्यास झाल्यावाचून या वादकाची उंची ठरविता येणार नाही. आणि ज्या गायकांची उंची ठरली असे मानले जाते, त्यांच्या मैफलीचे विवेचनही तोवर अपुरेच राहील.