आजोळी आलेला अर्जदार

परदेशी जन्मलेला माणूस आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या देशात परततो तेव्हा त्याला घायाळ करतात त्या मोठ्या गोष्टी नव्हेत. दारिद्र्याची व अस्वच्छतेची कल्पना त्याने आधीच केलेली असते. त्याला पराभूत करतो तो कचेरीतला कारकून, न मिळणारा परवाना, 'उद्या या' हे उत्तर. व्ही. एस. नायपॉल यांचे 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' (१९६४) हे पुस्तक अशाच एका परवान्यापासून सुरू होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

नायपॉल १९६२ साली मुंबई बंदरात उतरले. दारूबंदीमुळे त्यांच्या बाटल्या जप्त झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी एका कचेरीतून दुसरीत अशी त्यांची पायपीट सुरू झाली. या फेऱ्यांत बरोबरच्या स्त्रीला घेरी आली. त्यांनी पाणी मागितले. पण पाणी आणणे हे शिपायाचे काम, ते कारकुनाने कसे करावे? हा प्रसंग वाचून आपल्याला लाज वाटते आणि ती वाटणे योग्यही आहे.

परंतु प्रसंगाला दुसरीही एक बाजू आहे. आपल्याकडे पाणी विचारतात ते पाहुण्याला; घरचा माणूस ते स्वतः उठून घेतो. त्या कारकुनाने नायपॉल यांना इतर सर्व एतद्देशीयांसारखेच वागवले. मुंबईच्या गर्दीत आपण वेगळे उठून दिसत नाही, याची बोचरी जाणीव नायपॉल स्वतःच नोंदवतात. त्रिनिदादमध्ये व इंग्लंडमध्ये भारतीयत्व ही त्यांची ओळख होती. इथे ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. ज्या आपलेपणाच्या ओढीने ते आले तो त्यांना मिळाला, पण रांगेतल्या एका अर्जदाराच्या रूपाने. येथे कारकुनाच्या कोडगेपणाचे समर्थन करावयाचे नाही. त्या कोडगेपणाने नायपॉल इतके का दुखावले, एवढाच प्रश्न आहे.

निसिम एझिकेल यांनी १९६५ साली या पुस्तकाला उत्तर दिले. नायपॉल यांनी दाखवलेले दोष त्यांना अमान्य नव्हते. नायपॉल अलिप्त आहेत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबातल्या आणि याच शहरात आयुष्य रुजलेल्या कवीने असे म्हणावे, हे स्वाभाविक आहे. तथापि मला निदान उलट वाटते. अलिप्त प्रवासी अशा कचेरीची चेष्टा करून पुढे जातो. चिडतो तो हक्क मानणारा. नायपॉल यांचा दोष अलिप्ततेचा नसून हक्काची कबुली न देण्याचा आहे. जेथे ही कबुली निसटून जाते तेथे त्यांचे गद्य अप्रतिम होते; जेथे ती टाळण्यासाठी ते एका कारकुनावरून संस्कृतीचा निवाडा करतात तेथे ते पोकळ होते.

पुस्तकाच्या अखेरीस ते पूर्व उत्तर प्रदेशातील दुबे घराण्याच्या गावी जातात. त्यांच्या आईचे वडील मजूरकरारावर त्रिनिदादला गेले ते याच गावातून. या नात्याला इंग्रजीत एक शब्द नाही. आपल्याकडे आहे — आजोळ. भाषांतरकाराला तो येथे अनायास सापडतो आणि सारा प्रसंग उजळतो. आजोळी नातवाचे लाड होतात. पण येथे नातेवाईकच त्याच्याकडे कोर्टाच्या कामासाठी मदत मागतो. मुंबईत नातवाचा हक्क कोणी ओळखला नव्हता; येथे त्याच्यावरचा हक्क सांगितला जातो आणि तो वैतागून पळ काढतो. स्वतःच्या त्या निष्ठुरपणाची नोंद मात्र तो लपवत नाही. पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक पाने मी यांनाच म्हणेन.

'इंडिया : अ मिलियन म्यूटिनीज नाऊ' (१९९०) या पुस्तकात तेच नायपॉल पुन्हा मुंबईत येतात, नामदेव ढसाळांना भेटतात आणि माणसांना दीर्घकाळ बोलू देतात. तोवर देश बदलला होता, हे खरे. पण नातवाने लाडांची अपेक्षा सोडली होती, हेही तितकेच खरे असावे. म्हणून पहिले पुस्तक मी देशाचे वर्णन म्हणून वाचत नाही. दुखावलेल्या नात्याची ती साक्ष आहे, आणि भारताबाहेर वाढलेली आपली मुले-नातवंडे येथील कचेऱ्यांत ताटकळत आहेत तोवर ती आपल्याला ऐकून घ्यावीच लागेल.