मिसिंग, गृहीतके आणि पिर्सिग यांचे पुस्तक

रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारले होते. विज्ञानाची पद्धत म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी मी स्वतः हे पुस्तक अनेक शिक्षकांना सुचवले आहे. गेल्या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा येथे एका ट्रकची दुरुस्ती जवळून पाहिली आणि या पुस्तकातील एका मुद्द्याविषयी माझे मत बदलले. त्याविषयी हे थोडेसे.

प्रथम पुस्तकाचे श्रेय. एक बाप आपल्या मुलाला घेऊन मोटरसायकलवरून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून कॅलिफोर्नियाकडे जातो. वाटेत गाडीची देखभाल चालू असते आणि तिच्या निमित्ताने विचारही चालू असतो. इंजिनातील बिघाड शोधणे हे खरेखुरे वैज्ञानिक संशोधनच आहे, असे पिर्सिग सांगतात. वहीत प्रश्न लिहा, संभाव्य कारणे लिहा, प्रत्येक कारणासाठी चाचणी ठरवा, चाचणीचा अपेक्षित निकाल आधीच लिहा, मग प्रत्यक्ष निकाल आणि शेवटी निष्कर्ष. खड्ड्यावरून जाताना दर वेळी इंजिन मिसिंग करते आणि सपाट रस्त्यावर करत नाही, यावरून धक्क्याशी त्याचा संबंध आहे असे म्हणणे हे विगमन. हॉर्न बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी संपली असेल तर हॉर्न वाजणार नाही, हे निगमन. वर्गात सांगायला इतकी सोपी उदाहरणे क्वचितच मिळतात.

त्यांची आणखी एक सूचना मोलाची आहे. पहिला प्रश्न लिहिताना माहीत आहे त्यापेक्षा जास्त काही लिहू नये. ‘विजेच्या जोडणीत काय बिघडले?’ असे न लिहिता ‘गाडी का चालत नाही?’ एवढेच लिहावे. बिघाड विजेच्या जोडणीतच आहे, हे अजून कोणी सिद्ध केलेले नसते.

हा नियम किती अवघड आहे, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्याच एका प्रसंगात दिसते. कॅनडाकडे निघालेल्या बापलेकांची गाडी मुसळधार पावसात बंद पडते. बाप टाकी हलवून पाहतो, आत पेट्रोल डुचमळते. बाकीची तपासणीही होते, पण गाडी सुरू होत नाही. सहल अर्धवट सोडून दोघे परततात. दोन आठवड्यांनंतर घरी कार्ब्युरेटर पुसण्यासाठी तो थोडे पेट्रोल काढू पाहतो, तेव्हा थेंबही येत नाही. डुचमळत होते ते राखीव पेट्रोल होते आणि राखीवची तोटी त्याने उघडलीच नव्हती. पावसामुळेच इंजिन बंद पडले, असे त्याने मनाशी धरले होते. माझ्या मते, वहीच्या पद्धतशीर वर्णनापेक्षा हा फजितीचा प्रसंग विद्यार्थ्यांना अधिक शिकवून जाईल.

माझा मतभेद यापुढे आहे. पुस्तकातील फीड्रस हे पात्र अशा निष्कर्षाला येते की, कोणत्याही घटनेसाठी सुचू शकणाऱ्या गृहीतकांची संख्या अमर्याद असते. एक तपासावे तोवर आणखी काही सुचतात. मग सर्व गृहीतके तपासून होणे अशक्य आणि विज्ञानाचे निष्कर्ष कायम अपुरे. तरुण वाचकाला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मलाही एके काळी वाटला होता.

आता खांडबाऱ्याचा ट्रक. मालक स्वतःच चालवतो. कोंडाईबारी घाटात गाडी ओढेना, धूर पांढरट येऊ लागला आणि इंजिन मिसिंग मारू लागले. त्याने गाडी घरी आणून अंगणात लावली आणि ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. आदल्याच दिवशी पावसात डिझेल भरले होते, तेव्हा डिझेलमध्ये पाणी गेले, असे मालकाचे ठाम मत होते. टाकी रिकामी करण्याची तयारीही झाली होती. कॅनडाच्या वाटेवरचा तोच पाऊस!

गाडी जुनी, सहा सिलिंडरची होती. अशा इंजिनात पंपापासून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे वेगळा पाईप जातो. मिस्त्रींनी इंजिन मंद चालू ठेवले आणि नोझलकडच्या टोकाचा एकेका पाईपचा नट पान्याने किंचित सैल करून परत आवळला. नट सैल केला की त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. तो सिलिंडर काम करत असेल तर इंजिनाचा आवाज आणखी बिघडतो. पहिल्या तीन पाईपांना तसे झाले. चौथ्याला आवाजात काहीच फरक पडला नाही, धूर मात्र कमी झाला. पाचवा आणि सहावा ठीक होते.

मी विचारले, “पाणी नाही हे कशावरून?”

“पाणी असतं तर सगळेच रडले असते, सर. रडतोय एकटा चार नंबर.”

या उत्तरातील तर्क पाहा. टाकी, फिल्टर आणि तिथपर्यंतची नळी सहाही सिलिंडरांना सामाईक आहे. दोष तिथे असता तर सहसा सर्वांवर परिणाम झाला असता. दोष एकाच सिलिंडरमध्ये आहे, म्हणजे तो डिझेलच्या वाटा फुटतात त्याच्या पुढे आहे. एका पान्याने टाकी, पाणी, फिल्टर आणि त्या भागाविषयी सुचतील ती सर्व कारणे एकदम बाद केली. धूर कमी झाला, याचा अर्थ चौथ्यात डिझेल पोचत होते पण जळत नव्हते. म्हणजे पंपावरचा संशयही बराच कमी झाला. राहिल्या दोन शक्यता: नोझल नीट फवारा मारत नसेल, किंवा व्हॉल्व्ह वा रिंगांमधून दाब निसटत असेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, म्हणून दाब गेला तर ज्वलनही गेले.

मग मिस्त्रींनी चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरचे नोझल आपापसात बदलले. मिसिंग पाचव्यात गेले. दोष नोझलबरोबर हलला, म्हणजे तो नोझलमध्येच होता. चौथ्यातच राहिला असता तर हेड उघडण्याचा विचार करावा लागला असता. दुसऱ्या दिवशी नवे नोझल बसले आणि ट्रक पूर्ववत चालू लागला.

पिर्सिग यांच्या अमर्याद गृहीतकांना हे उत्तर आहे. गृहीतके एकेक करून तपासायची असतात, हेच मुळात खरे नाही. चांगली चाचणी गृहीतकांचा गटच्या गट बाद करते, अजून कोणाला न सुचलेल्या गृहीतकांसह. सामाईक भागातील हजारावे कारण कोणते, हे माहीत नसले तरी ते बाद झालेले असते. शिवाय शेजारचे पाच सिलिंडर तुलनेसाठी तयारच होते. प्रयोगशाळेत ज्याला आपण नियंत्रित तुलना म्हणतो ती हीच.

पिर्सिग यांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. पुढे ते गणिती आंरी प्वाँकारे यांचा आधार घेऊन, असंख्य तथ्यांतून नेमकी तथ्ये कशी निवडली जातात, हा प्रश्न विचारतात. उत्तर मात्र ते ‘क्वालिटी’ या त्यांच्या व्यापक कल्पनेत शोधतात. मिस्त्रींची निवड इतकी गूढ नव्हती. डिझेलची वाट कुठे एक आहे आणि कुठे सहा होते, हे त्यांना ठाऊक होते. रचनेचे ज्ञान शिकवता येते, आणि शिक्षकांच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे.

एक इशारा आवश्यक आहे. नोझलमधून सुटणारे डिझेल कातडीत घुसू शकते, त्यामुळे हे काम विद्यार्थ्यांचे नव्हे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत दाब दीड हजार बारच्याही वर जातो, तिथे चालू इंजिनाचा नट जाणकारानेही सैल करू नये. तिथे स्कॅनर दोषी सिलिंडरचा क्रमांक सांगतो. तो का बंद आहे, हे मात्र पुन्हा विचार करूनच ठरवावे लागते.

वर्गात यासाठी दोन सारख्या विजेऱ्या पुरेत, एक चालणारी आणि एक बिघडवून ठेवलेली. सेल, दिवा आणि बटण यांची अदलाबदल करण्याची मुभा द्या. अट दोनच. प्रत्येक अदलाबदलीपूर्वी, निकाल असा आला तर काय बाद होईल आणि तसा आला तर काय, हे वहीत लिहायचे. आणि पहिल्या ओळीत ‘सेल संपला’ असे न लिहिता ‘विजेरी लागत नाही’ एवढेच लिहायचे. यातली वही पिर्सिग यांची आहे, अदलाबदल खांडबाऱ्याच्या मिस्त्रींची. पुस्तक जरूर वाचावे, पण या दोन्ही गोष्टी बरोबर ठेवून.