‘धर्मात्मा’ आणि त्याचा प्रेक्षक

लोंढ्याहून निघालेली गाडी ज्या लोहमार्गाने अळणावरावरून धारवाडास जाते, त्याच मार्गावरील गावांना एके काळी मराठी नाटक मंडळ्यांच्या गाण्याचे वेड लागले होते. बालगंधर्वांचे नाव या भागात आजही आदराने घेतले जाते. परंतु प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली होती, हे कितीकांच्या स्मरणात असेल?

१९३५ सालच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार मास्टर कृष्णराव होते. मूळ नाव ‘महात्मा’. त्यात गांधीजींचा संबंध पाहून सरकारी परीक्षकांनी ते बदलावयास लावले. संबंध अगदीच नव्हता असेही नाही. गांधीजींची हरिजनयात्रा नुकतीच संपली होती, आणि पडद्यावर अस्पृश्यांना पोटाशी धरणारे, त्यापायी कर्मठांचा रोष पत्करणारे पैठणचे नाथ उभे होते.

एवढे सर्व जुळून येऊनही चित्रपटास अपेक्षित यश लाभले नाही. शालू नेसून रंगभूमीवर वावरणाऱ्या गंधर्वांना पुरुषवेषात पाहणे रसिकांच्या जिवावर आले, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते आम्हांस अपुरे वाटते. पुढल्याच वर्षी, १९३६ साली, प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ने अपूर्व लोकप्रियता मिळविली. त्यातील विष्णुपंत पागनीस हेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिकाच करीत असत! मग भेद कोठे पडला? पागनीसांची कोणतीही मूर्ती प्रेक्षकांनी मनात आधीपासून स्थापिलेली नव्हती. म्हणून ते तुकाराम होऊ शकले. गंधर्वांची मूर्ती मात्र घरोघर पुजली गेली होती. शिवाय ‘वन्स मोअर’ला साद देत फुलणारे त्यांचे गाणे चित्रफितीच्या ठराविक मापात कोंडले गेले. प्रभातनेही हे नाव पुढे करून त्याच जुन्या मूर्तीच्या भक्तांना आमंत्रण दिले होते. तो दोष निर्मात्यांच्या पदरी टाकावाच लागेल.

तथापि प्रेक्षकही निर्दोष ठरत नाही. तो गंधर्वांना शोधीत राहिला आणि नाथांना मुकला. आपल्या देवालयांत नाथषष्ठीस भारुडे रंगतात, माना डोलतात. परंतु नाथांनी मांडलेल्या पंगतीत आपण कोणाशेजारी बसावयास सिद्ध आहो, हे भजन संपल्यावर कितीजण स्वतःस विचारतात? ‘धर्मात्मा’ आज पाहणाऱ्याने गंधर्वांना थोडे विसरून पाहावा. हा प्रश्न त्यास तेथे भेटेल.