टिकणं आणि टिकवणं

आज एका क्रियापदाची झडती घेऊ. अभियांत्रिकीत मुली 'टिकतात' का, असं आपण विचारतो. 'टिकणे' अकर्मक, कर्ता मुलगीच. टिकली तर तिची चिकाटी, गेली तर तिची कुवत कमी. त्या वाक्यात कॉलेज कुठेच नाही! 'टिकवणे' म्हणा, की लगेच प्रश्न येतो: कोणी टिकवायचं?

आयआयटींचं उदाहरण घ्या. मुलींसाठी 2018 पासून अतिरिक्त जागा निघाल्या. उद्दिष्ट पहिल्या वर्षी 14 टक्के, मग 17, आणि 2020 साली 20. मुलांच्या जागांना हात लावला नाही, आणि प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण मुलींनाच. तरीही ओरड झाली, 'गुणवत्तेचं काय?' या आक्षेपात एक गृहीतक दडलंय, ते म्हणजे क्रमांक ही निव्वळ बुद्धीची मोजणी. पण मुलाला क्लाससाठी कोट्याला धाडणारी किती घरं मुलीच्या वेळी कचरतात! क्रमांकात घराचा तो निर्णयही मोजला जातो. म्हणून या जागांना माझा पाठिंबाच आहे.

माझी टीका आहे ती जागा मोजून थांबण्यावर. अमर्त्य सेन यांनी 1979 च्या व्याख्यानात विचारलं होतं, समता नेमकी कशाची? साधन हाती येणं वेगळं, ते वापरता येणं वेगळं. प्रयोगशाळा रात्री उशिरापर्यंत उघडी, पण मुलींच्या वसतिगृहाचं दार आधीच बंद होत असेल, तर फी सारखी आणि शिक्षण निम्मं. प्रोजेक्टच्या गटात सोल्डरिंग तो करणार, रिपोर्ट ती लिहिणार, का तर 'तुझं बरं जमतं'. आणि चार वर्षांनी आपणच म्हणायचं, मुलींना यंत्रांत रसच नसतो!

संस्थेनं ठरवलं तर काय होतं, बघा. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजनं 2006 च्या सुमारास संगणकशास्त्राचा पहिला कोर्स बदलला. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांची तुकडी वेगळी, नवख्यांची वेगळी. पायथनसारखी सोपी भाषा. वर्गात ज्ञान मिरवणाऱ्यांना शिक्षक बाजूला घेऊन आवरायचे. हा विषय निवडणाऱ्यांत मुली होत्या दहाएक टक्के; काही वर्षांत त्या सुमारे 40 टक्के झाल्या. बदल अनेक होते, त्यामुळे श्रेय एकाला देता येणार नाही. कॉलेज छोटं आणि श्रीमंत, हेही खरं. पण यातल्या कोणत्या गोष्टीला मोठा पैसा लागतो, सांगा!

आपल्याकडे 2020-21 च्या सरकारी सर्वेक्षणात अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांत मुली सुमारे 29 टक्के होत्या. हा आकडा दारातून आत आलेल्यांचा. पालकांनो, पुढच्या वेळी कॉलेज पाहायला जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींपैकी त्याच शाखेची पदवी घेऊन किती बाहेर पडल्या? आणि रात्री नऊनंतर त्यांना प्रयोगशाळेत बसता येतं का? उत्तर तयार नसेल, तर तिथे अजून 'टिकणे' हेच क्रियापद चालू आहे असं समजा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.