रित्या सभागृहातले वादन

करोनाच्या काळात संगीतसंस्थांनी आपल्या रसिकांशी संपर्क कसा राखला, याविषयी आजवर पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले आहे. कौतुक अस्थानी नाही. परंतु संपर्क राखणे आणि संगीत ऐकविणे या दोन गोष्टी त्यात बहुधा एकच धरल्या गेल्या, आणि तिथेच प्रस्तुत लेखकाचा मतभेद आहे. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने २०२० साली केलेल्या दोन कार्यक्रमांच्या आधारे तो मांडावयाचा आहे. (सयाजीराव महाराजांच्या काळी संस्थानचा बँड आणि मौलाबक्षांची गायनशाळा एकाच गावात नांदत होती, तेव्हा निदान बडोदेकर वाचकांना विषय परका वाटू नये.)

पहिला कार्यक्रम १२ मार्च २०२० चा. सभागृहे बंद झाली होती, तरी सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली वादकांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे बेरिओची ‘सिन्फोनिया’ आणि बार्टोकचा वाद्यवृंदासाठीचा ‘कॉन्चेर्तो’ वाजविला, व तो जगभर विनामूल्य दाखविला. हान्स शारून यांनी रचलेले आणि १९६३ साली उघडलेले हे सभागृह मुळात वाद्यवृंदाला मध्ये घेऊन चहूबाजूंनी श्रोते बसावेत असे आहे. त्यामुळे कॅमेरा कुठेही वळला तरी त्या सव्वादोन हजारांवर जागांचे रितेपण चित्रात येणारच. पाश्चात्त्य श्रोता आपल्यासारखी समेला मान डोलावून दाद देत नाही, तो शेवटपर्यंत मूक असतो. मग त्याच्या नसण्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. भरल्या सभागृहात माणसांची शरीरे, त्यांचे कपडे नाद शोषून घेतात. रिकाम्यात तो अधिक रेंगाळतो. हे झाले भौतिक कारण. पण दोन हजार माणसांनी मिळून पाळलेली शांतता आणि कोणीच नसल्याची शांतता यांत जे अंतर आहे, ते बार्टोकच्या अखेरच्या झंझावातानंतर फार बोचते. तो कार्यक्रम थोर होता, पण नेहमीचाच होता. भरल्या घरासाठी शिजविलेले जेवण रित्या पंगतीत वाढले गेले.

त्याच मार्चमध्ये रॉटरडॅमच्या वाद्यवृंदाने बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीत, प्रत्येक वादकाने आपापल्या घरी वाजवून, चौकटी जुळवून प्रसृत केले. ते सर्वत्र पोहोचले, अनेकांचे डोळे पाणावले. शुभेच्छापत्र म्हणून ते उत्तमच होते. संगीत म्हणून मात्र त्यात मूळ गोष्टच गैरहजर होती, कारण वेगवेगळ्या घरांत वाजविणाऱ्याला शेजाऱ्याचे ऐकून आपला स्वर आणि वेग सावरता येत नाही. ते जुळविण्याचे काम यंत्रावर बसलेल्याचे. आपल्याकडेही तबलजी एका शहरात, गायक दुसऱ्या शहरात, अशा तुकड्यांची त्या वर्षी लाट आली होती.

दुसरा कार्यक्रम १ मे २०२० चा, आणि या लेखाचे खरे कारण तोच. वाद्यवृंद दर वर्षी १ मे रोजी आपला स्थापनादिन युरोपीय मैफलीने साजरा करतो. त्या वर्षी ती तेल अवीवला व्हायची होती. झाली बर्लिनच्याच रिकाम्या सभागृहात, तीही मंचावर पंधराहून अधिक वादक नसावेत या अटीवर. किरिल पेट्रेंको यांनी अट निमूटपणे स्वीकारली आणि तिच्यातून कार्यक्रम घडविला. पेर्ट, लिगेटी, बार्बर यांच्यानंतर माहलरची चौथी सिंफनी, एर्विन स्टाइन यांनी १९२१ साली मोजक्या वाद्यांसाठी बेतलेल्या रूपात. हे रूप शोनबर्गने व्हिएन्नात १९१८ साली काढलेल्या खासगी संगीतमंडळासाठी केलेले, आणि त्या मंडळात टाळ्यांना बंदी होती! (समीक्षकांनाही मज्जाव होता, हे प्रस्तुत लेखकाने खिलाडूपणाने नमूद केले पाहिजे.) टाळ्यांवाचून ऐकण्यासाठीच बांधलेली ही कृती जवळपास शंभर वर्षांनी आपल्या योग्य जागी आली.

या रूपात फुंकवाद्यांचा बराच भार हार्मोनियम उचलते. आपल्या पेटीचेच ते युरोपीय भावंड. तिचा किंचित घरगुती स्वर माहलरच्या वैभवाला दिवाणखान्यात आणून बसवितो. दुसऱ्या भागात एक व्हायोलिन मुद्दाम एक पूर्ण स्वर चढे लावलेले असते. जर्मन लोककल्पनेतला मृत्यू तिथे गजाने खुणावतो. मोठ्या वृंदात तो गंमतीचा वाटतो. दूर दूर बसलेल्या पंधरा जणांत तो त्या दिवशी सोळावा होता. तिसऱ्या भागाअखेरचा, स्वर्गाचे दार उघडल्यासारखा उद्घोष मात्र या मोजक्या वाद्यांना पेलत नाही, हे प्रांजळपणे सांगावे लागेल. दार किलकिलेच राहते. त्यानंतर क्रिस्तियाने कार्ग यांनी गायिलेले बालसुलभ स्वर्गवर्णन येते, आणि त्या किलकिल्या दारातून ते अधिकच खरे वाटते.

मंडळांच्या बैठकांतून हल्ली एक सूर निघतो: सभागृहाचे भाडे कशाला, घरबसल्या दाखवू. बर्लिनचा दाखला त्यासाठी देऊ नये. तेथे २००९ पासून मैफलींचे थेट प्रक्षेपण शुल्क घेऊन चालू होते. करोनाच्या आरंभी ते दालन तीस दिवस सर्वांना मोकळे केले, कारण मोकळे करण्याजोगे दालन अकरा वर्षे आधी उभे केले होते. आणि एवढे असूनही त्यांनी सभागृह सोडले नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी, विखरून बसविलेल्या थोड्या श्रोत्यांसमोर, पेट्रेंकोंनी नवा हंगाम उघडला तो शोनबर्गच्याच तंतुवाद्यांच्या रचनेने. नोव्हेंबरमध्ये दारे पुन्हा लागली.